कारखान्याला कुलूप लागलं, पण आतली किरणोत्सर्गी कॅप्सूल कुठे गेली? भोसरी-चाकणने हा प्रश्न का विचारायला हवा

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने लोकांना एक विचित्र इशारा दिला. इंडोनेशियातून आलेली ठरावीक गोठवलेली कोळंबी खाऊ नका, असं त्यात म्हटलं होतं. कोळंबीच्या एका नमुन्यात सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ सापडला होता. प्रमाण होतं किलोमागे सुमारे ६८ बेक्वेरेल. अमेरिकेत कारवाईची मर्यादा १,२०० बेक्वेरेलची आहे, म्हणजे हे प्रमाण तसं खूपच कमी. पण कोळंबीत सीझियम आलंच कुठून?

तपास पोहोचला जकार्ताजवळच्या चिकांदे औद्योगिक वसाहतीत. कोळंबीवर प्रक्रिया करणारा कारखाना तिथे होता. त्याच परिसरात भंगार वितळवणारा एक धातू कारखानाही होता. इंडोनेशियाच्या अधिकाऱ्यांनी बोट दाखवलं ते या भट्टीकडे. भंगारातून आलेलं सीझियम भट्टीत गेलं, धुरातून बाहेर पडलं आणि वसाहतीत पसरलं, असं समोर आलं.

औद्योगिक वसाहत, भंगार, भट्टी आणि निर्यात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या माणसाला या चार गोष्टी वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. म्हणूनच चिकांदेमध्ये जे घडलं ते इथल्यासाठी महत्त्वाचं आहे. पण त्याआधी एक साधा प्रश्न.

भोसरी-चाकणमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ कशाला लागतात?

'किरणोत्सर्गी' म्हटलं की डोळ्यांसमोर तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प येतो. प्रत्यक्षात किरणोत्सर्गी पदार्थ अगदी साध्या शेडमध्येही वापरले जातात, आणि कायदेशीरपणेच वापरले जातात.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे रेडिओग्राफी. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगच्या पोटात पोकळी राहिली आहे का, वेल्डिंगच्या आत चीर आहे का, हे डोळ्यांनी दिसत नाही. माणसाच्या हाडाचा एक्स-रे काढावा तसा लोखंडाचा फोटो काढावा लागतो. त्यासाठी इरिडियम-१९२ वापरतात. हा स्रोत असतो जेमतेम काही मिलिमीटरचा. तो ज्या जड पेटीत ठेवतात तिला या धंद्यात 'कॅमेरा' म्हणतात.

दुसरं उदाहरण गेजचं. कागद, प्लॅस्टिक फिल्म किंवा धातूचा पत्रा मशीनवरून वेगाने जात असताना त्याची जाडी मोजायची, किंवा बंद टाकीत माल किती भरलाय ते पाहायचं, तर न्यूक्लिऑनिक गेज लावतात. त्यात सीझियम-१३७, कोबाल्ट-६०, क्रिप्टॉन-८५ किंवा अमेरिशियम-२४१ असू शकतं. औषध आणि रसायनांच्या काही प्रयोगशाळांमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात निकेल-६३ चा बारीक स्रोत असतो. कॅन्सर उपचारांच्या जुन्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० असतं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. दवाखान्यातलं साधं एक्स-रे मशीन वीज बंद केली की थंड पडतं, त्यात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो. इरिडियम, सीझियम, कोबाल्ट यांना मात्र स्विच नसतो. वीज कापली, कंपनीचं दिवाळं निघालं, मालक परदेशी गेला, तरी त्यांच्यातून किरण निघतच राहतात.

किती दिवस?

ते पदार्थावर अवलंबून आहे. किरणोत्सर्ग निम्मा व्हायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य साधारण ७४ दिवसांचं. म्हणजे दोन वर्षांत त्याची ताकद जवळपास हजाराव्या भागावर येते. कोबाल्ट-६० ला निम्मं व्हायला ५.२७ वर्षं लागतात. सीझियम-१३७ ला सुमारे ३० वर्षं. आणि अमेरिशियम-२४१ ला सुमारे ४३२ वर्षं.

याचा हिशोब सोपा आहे. १९९५ मध्ये एखाद्या कारखान्यात सीझियमचा गेज बसवला असेल, तर २०२५ मध्येही त्यात निम्मी ताकद शिल्लक असते. त्या ३० वर्षांत कंपनीचं नाव बदललेलं असू शकतं. शेड दोनदा भाड्याने गेलेली असू शकते. गेज बसवणारा सुपरवायझर निवृत्त झालेला असू शकतो. गेज मात्र तिथेच असतो, धूळ खात.

अशी केंद्रं रोज वापरात असतात तेव्हा धोका आटोक्यात असतो. स्रोत पेटीत असतो, प्रशिक्षित माणूस असतो, छातीवर डोस मोजणारा बॅज असतो, रजिस्टर असतं. गोंधळ होतो तो काम थांबल्यावर. स्रोत जागेवर राहतो आणि त्याला ओळखणारी माणसं निघून जातात. जगातल्या अनेक गंभीर अपघातांची सुरुवात इथेच झाली आहे.

दिल्लीच्या मायापुरीत काय झालं होतं?

भारतातलं सगळ्यात कटू उदाहरण २०१० चं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं एक 'गॅमा सेल' यंत्र होतं. त्यात कोबाल्ट-६० होतं. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचलं.

तिथे ते नेहमीसारखं तोडण्यात आलं. आत शिसं होतं, स्टील होतं, दोन्हीला भाव मिळतो. कोबाल्टचे चकाकते तुकडे वेगवेगळ्या हातांत गेले. एकाने तर तुकडा पाकिटात ठेवला होता. काही दिवसांत माणसं आजारी पडली. कातडी काळी पडली, केस गळाले, रक्तातल्या पेशी घटल्या. एका कामगाराचा मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर या घटनेची नोंद सातपैकी चौथ्या पातळीवर झाली.

आता अर्धायुष्याचा हिशोब परत लावा. १९८५ ते २०१० म्हणजे २५ वर्षं. या काळात कोबाल्टची ताकद साधारण ४ टक्क्यांवर आली होती. 'जुनं आहे, आता काय उरलं असेल त्यात' असं कुणालाही वाटलं असतं. त्या ४ टक्क्यांनी एक जीव घेतला.

हे सगळं एखाद्या अडाणी माणसाच्या गॅरेजमध्ये नाही, तर देशातल्या नामवंत विद्यापीठात घडलं, आणि तेही रसायनशास्त्र विभागात. सामानाच्या यादीतली एक ओळ 'निकामी यंत्र' म्हणून लिहिली गेली आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

ब्राझीलमध्ये १९८७ साली जवळपास हीच गोष्ट घडली होती. गोयानिया शहरातला एक खासगी दवाखाना दुसरीकडे हलला. जुन्या जागेत सीझियमचं उपचार यंत्र तसंच राहिलं. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी ते भंगार म्हणून उचललं. आतली निळसर चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली, नातेवाइकांना वाटली. चौघांचा मृत्यू झाला. त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जणांवर किरणोत्सर्गी पदार्थाचे अंश सापडले.

भट्टीत गेलं तर?

मायापुरीत आणि गोयानियात पदार्थ माणसांच्या हातात फुटला. तो न फुटता थेट भट्टीत गेला तर गोष्ट वेगळी होते, आणि फाउंड्रीच्या पट्ट्यासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे.

कोबाल्ट लोखंडात मिसळतं आणि तयार मालात जातं. सीझियमचं तसं नाही. भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ते धुरात, फिल्टरच्या धुळीत आणि आजूबाजूला जातं. चिकांदेमध्ये कोळंबीपर्यंत पोहोचलं ते सीझियम होतं, यात म्हणूनच नवल नाही.

कोबाल्टचं उदाहरण मेक्सिकोचं आहे. तिथल्या हुआरेझ शहरात १९८३ च्या अखेरीस उपचाराचं एक जुनं यंत्र भंगारात गेलं. त्यातलं कोबाल्ट बांधकामाच्या सळ्यांमध्ये मिसळलं. हजारो टन माल दूषित झाला. जानेवारी १९८४ मध्ये असाच माल घेऊन निघालेला एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या गेटवर आला आणि तिथला अलार्म वाजला, तेव्हा हे उघड झालं. तो ट्रक तिथे गेला नसता, तर घरं बांधून झाल्यावर कळलं असतं.

आणि महाराष्ट्राचं उदाहरण? ते आहे बोरघाटाच्या पायथ्याशी. २००८ मध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० सापडलं. बटणांचे सुटे भाग भारतातून गेले होते. फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाच्या माहितीनुसार सुमारे २० कामगारांना सामान्य नागरिकांसाठीच्या वर्षाला १ मिलिसीव्हर्ट या मर्यादेपेक्षा जास्त डोस मिळाला होता. स्टीलचा माग लागला तो खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. भट्टीत कोबाल्ट आलं होतं भंगारातून. त्याच सुमारास जर्मनीतही भारतातून आलेलं दूषित स्टील पकडलं गेलं.

यातून एक गोष्ट कळते. ज्याच्या भट्टीत हा माल जातो त्याने काही चूक केलेली असेलच असं नाही. त्याने भंगार विकत घेतलं, बस. पण परत येणारा कंटेनर त्याचा असतो, रद्द होणारी ऑर्डर त्याची असते आणि भट्टीसमोर उभे राहणारे कामगार त्याचे असतात.

मग कुदळवाडीचा संबंध काय?

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचं भंगार वर्षानुवर्षं चिखली-कुदळवाडीच्या गोदामांमध्ये जात राहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथे मोठी कारवाई केली आणि काही दिवसांत चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली. अनधिकृत बांधकामं, सततच्या आगी, प्रदूषण ही कारणं चर्चेत होती.

कुदळवाडीत काही किरणोत्सर्गी सापडलं असा इथे मुद्दा नाही. मुद्दा आहे तो मालाच्या प्रवासाचा. कुठल्या कंपनीचा माल कुठल्या गोदामात जातो आणि तिथून कुठल्या भट्टीत, याची जी काही माहिती त्या बाजारातल्या लोकांच्या डोक्यात होती, ती बाजार विखुरल्यावर विखुरते. गोदामं बंद पडतात तेव्हा भंगाराचा धंदा बंद पडत नाही. तो पुढच्या गावाच्या वेशीवर जातो. तिथे नवी माणसं असतात, आणि गोदामात आलेली जड पेटी कसली आहे हे त्यांना सांगणारं कुणी नसतं.

परदेशातून येणाऱ्या धातूच्या भंगारासाठी ते किरणोत्सर्गमुक्त असल्याची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. भोसरीतून टेम्पोत भरून निघालेल्या भंगाराला असं काही लागत नाही.

नियम काय सांगतात?

भारतात नियम नाहीत असं मुळीच नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ पासून काम करतंय आणि त्याचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि १९८७ चे किरणोत्सर्गी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम लागू आहेत. स्रोत वापरणाऱ्याला परवाना लागतो आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, नेमावा लागतो. परवानगीशिवाय स्रोत दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, फेकता तर येतच नाही.

केंद्र रीतसर बंद करण्याला 'डिकमिशनिंग' म्हणतात. छोट्या केंद्राच्या बाबतीत त्याचे टप्पे साधारण असे असतात.

पहिला टप्पा मोजदादीचा. परवान्यावर जितके स्रोत आहेत तितके प्रत्यक्षात आहेत का, हे क्रमांकासह तपासायचं. पेटी आहे म्हणजे आत स्रोत आहे किंवा नाही, असं गृहीत धरायचं नाही, मीटरने मोजायचं.

दुसरा टप्पा कळवण्याचा. एईआरबीच्या 'ई-लोरा' या ऑनलाइन यंत्रणेवर अर्ज करून स्रोत परत पाठवायची परवानगी घ्यायची.

तिसरा टप्पा पाठवणीचा. स्रोत मंजूर पॅकेजमध्ये मूळ पुरवठादाराकडे जातो. भारतीय स्रोतांचा मोठा पुरवठादार म्हणजे अणुऊर्जा विभागाचं ब्रिट, ज्याचं केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे. परदेशी स्रोत असेल तर तो परदेशी पुरवठादाराने परत घ्यायचा असतो. काही पेट्यांचं कवच शिशाऐवजी डिप्लीटेड युरेनियमचं असतं. स्रोत काढल्यावर अशी 'रिकामी' पेटीसुद्धा भंगारात देता येत नाही.

चौथा टप्पा तपासणीचा. जागेवर काही उरलं नाही ना, हे मोजून पाहायचं. जिथे द्रव किंवा पूड स्वरूपात पदार्थ वापरले गेले, तिथे टेबल, सिंक, फरशी पुसून तो बोळाही मोजायचा. हॉस्पिटलात वापरलं जाणारं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे त्याचा कचरा काही महिने वेगळा ठेवला की काम भागतं. सीझियमच्या बाबतीत असं वाट बघून चालत नाही.

शेवटचा टप्पा नोंद बंद करण्याचा. परवाना रद्द, कागदपत्रं जपून ठेवणं आणि सगळं साफ झाल्यावरच भिंतीवरच्या धोक्याच्या खुणा काढणं.

मग गळती कुठे होते?

नियम परवानाधारकाला बांधतात. पण कारखाना बंद पडताना निर्णय घेणारी माणसं बरेचदा वेगळी असतात.

कर्ज थकलं की बँक ताबा घेते. दिवाळखोरीत कंपनी गेली की लिक्विडेटर येतो. मालमत्तेचा लिलाव 'आहे तसं, आहे तिथे' या अटीवर होतो. यादीत लिहिलेलं असतं, मशिनरी एक लॉट. त्या लॉटमध्ये एक गेज असेल तर तो बँकेच्या माणसाला कसा कळणार? पगार थांबला की आरएसओ सगळ्यात आधी दुसरी नोकरी पाहतो. शेड भाड्याची असेल तर जागामालकाला फक्त जागा रिकामी हवी असते.

पैशाचाही प्रश्न आहे. नवा स्रोत घेताना खर्च करायला कंपनीची तयारी असते, कारण त्यातून काम मिळतं. जुना परत पाठवायला पॅकेज, वाहतूक, परवानग्या हे सगळं लागतं आणि त्यातून मिळत काहीच नाही. म्हणून स्रोत 'पुढच्या महिन्यात पाठवू' म्हणत स्टोअरमध्ये राहतो.

यावर अवघड उपाय लागत नाहीत. एमआयडीसीत भूखंड हस्तांतरित होताना ना-हरकत लागते. त्या फॉर्मवर 'इथे कधी किरणोत्सर्गी स्रोत होता का, तो परत गेल्याचा कागद जोडा' अशी एक ओळ घालता येईल. बँका आणि लिक्विडेटर लिलावाआधी हीच चौकशी करू शकतात. स्रोत विकत घेतानाच परत पाठवण्याची रक्कम बाजूला ठेवता येईल, म्हणजे कंपनी बुडाली तरी तो पैसा उरेल. आणि फाउंड्रीच्या वजनकाट्याजवळ किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र असेल, तर माल भट्टीत जाण्याआधी थांबेल. आपली भट्टी वाचवण्यासाठी ही शेवटची चौकी आहे, हे एकेका फाउंड्रीला परवडत नसेल तर त्यांच्या संघटना मिळून करू शकतात.

तुम्हाला असं काही दिसलं तर?

पिवळ्या पाटीवरची तीन पाकळ्यांची खूण लक्षात ठेवा. २००७ पासून आणखी एक खूण आली आहे. लाल त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ही खूण दिसली तर ते झाकण उघडायचंच नाही.

खूण पुसलेलीही असू शकते. आकाराच्या मानाने खूपच जड पेटी, आत शिशाचं जाड कवच, कडी-कुलपातली छोटी स्टीलची कांडी दिसली तर थांबा. गॅस कटर लावू नका. हातात, खिशात घेऊ नका. गाडीवर टाकून पोलीस चौकीत नेऊ नका. लोकांना लांब करा, कारण अंतर दुप्पट झालं की डोस एक चतुर्थांश होतो. मग ११२ वर कळवा. किरणोत्सर्गी घटनांसाठी प्रशिक्षित एनडीआरएफची तुकडी चाकणपासून जवळ, सुदुंबऱ्यालाच आहे.

पेटीला आधीच हात लागला असेल आणि नंतर उलट्या होत असतील किंवा कातडी भाजल्यासारखी लाल झाली असेल, तर डॉक्टरांना 'भंगारातली जड पेटी हाताळली होती' हे नक्की सांगा. मायापुरीत कारण कळायला वेळ गेला होता.

मायापुरीतल्या त्या कामगाराने काही चोरलं नव्हतं. रीतसर लिलावात आलेला माल तो त्याच्या रोजच्या हत्यारांनी तोडत होता. त्याच्यापर्यंत तो माल पोहोचू न देणं हे त्याचं काम नव्हतं. ते काम यादीवर 'निकामी यंत्र' लिहून सही करणाऱ्याचं होतं. भोसरीत किंवा चाकणमध्ये आज एखादी शेड रिकामी होत असेल, तर तिथेही शेवटची सही कुणाची तरी असणार आहे. ती करण्याआधी त्याने स्टोअरच्या कोपऱ्यातली ती जड पेटी कसली आहे, एवढं विचारायला हवं.